लाकूड पोखरणारा दुर्मीळ भुंगेरा कसा ओळखायचा? नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

एखादा अनोळखी भुंगेरा दिसला की लगेच त्याचं नाव शोधायची घाई होते. ती घाई जरा आवरा. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य लाकडाच्या आत जातं. अळी म्हणून वर्ष, दोन वर्षं, काही जातींत त्याहूनही जास्त. आणि पंख फुटल्यावर बाहेर जेमतेम काही आठवडे. आपल्या नजरेला पडतो तो या आयुष्याचा शेवटचा तुकडा. नाव ठरवायला लागणारे निम्मे पुरावे त्या लाकडात, सालीत आणि भुशात असतात. भुंगेरा डबीत घालून तुम्ही घरी आलात की ते मागे राहून जातात, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर तीच फांदी सापडेल याची खात्री नसते.

नीट ओळख पटणं किती मोलाचं असतं याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲशची झाडं वाळू लागली आणि त्यांतून चकचकीत हिरवे, सडपातळ भुंगेरे निघाले. तिथल्या तज्ज्ञांना जात कळेना. शेवटी २००२ मध्ये नमुने स्लोव्हाकियातल्या एडुआर्ड येंडेक या अभ्यासकाकडे गेले आणि नाव निघालं: ॲग्रिलस प्लॅनिपेनिस. पूर्व आशियातल्या या जातीचं वर्णन फेअरमेअर यांनी १८८८ मध्येच करून ठेवलं होतं, पण ती कशी जगते याबद्दल तिच्या मूळ प्रदेशातही फार थोडं लिहिलं गेलं होतं. पुढे झाडांच्या वाढवलयांच्या अभ्यासातून दिसलं की हा भुंगेरा १९९० च्या दशकापासूनच तिथे होता. लाकडातल्या खुणा वेळेवर कोणी वाचल्या असत्या, तर काही वर्षं हाती आली असती. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा: आधी लाकूड, मग भुंगेरा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

काय काय लागेल

- १० पट मोठं दाखवणारं हातभिंग. पुढे जमल्यास स्टिरिओ मायक्रोस्कोप. पायांचे खंड आणि मुखांगं पाहायची तर त्याला पर्याय नाही.
- जवळून फोटो काढता येणारा कॅमेरा किंवा मोबाइल, आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी.
- धारदार चाकू, छोटी करवत, छिन्नी.
- झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या, कागदी पाकिटं, चिमटा.
- ९५ टक्क्यांच्या आसपासचं इथेनॉल, डीएनएसाठी ठेवायच्या नमुन्यांपुरतं.
- पेन्सिल आणि पाण्याने न विरघळणारी शाई. साध्या पेनने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये कोरी होते.
- वनक्षेत्रात किंवा संरक्षित भागात जाणार असाल तर लेखी परवानगी. तिची प्रत जवळ बाळगा.

१. नियम आधी पाहा

भुंगेऱ्याला कायदा कसला, असं वाटू शकतं. पण काही जातींना खरोखरच कायद्याचं संरक्षण आहे. युरोपातला रोझालिया अल्पायना हा निळसर राखाडी, काळ्या ठिपक्यांचा सुंदर भुंगेरा युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात आहे. त्याला पकडणं तर दूरच, तो ज्या मेलेल्या लाकडात वाढतो ते हलवण्यावरही बंधनं येऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कोलोफोन या शिंगाळ्या भुंगेऱ्यांच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या कराराचं नियंत्रण आहे. तुम्ही जिथे काम करणार तिथली संरक्षित जातींची यादी आधी चाळा, आणि शंका असेल तेव्हा फोटोवर थांबा.

पोखरलेलं लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका. वर सांगितलेला ॲशचा भुंगेरा दूरदूरच्या गावी पोहोचला त्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. अभ्यासासाठी लाकूड न्यायचंच असेल तर बंद डब्यात, थोडं आणि जवळच्या जवळ न्या.

२. भुंगेऱ्याला हात लावण्याआधी लाकूड वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

*झाड कोणतं?* पानं, फळं, साल, काहीही शिल्लक असेल त्यावरून झाड ओळखा. झाड पूर्ण वाळलं असेल तर शेजारची जिवंत झाडं पाहा, सालीचे आणि आडव्या छेदाचे फोटो घ्या. नुसतं 'एक वाळकं झाड' असं लिहिलंत तर त्या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

*लाकूड कोणत्या अवस्थेत आहे?* जिवंत झाडाची फांदी, नुकतीच मेलेली, साल सुटलेली, की हाताने चुरा होणारी कुजकी? उभं आहे की पडलेलं, उन्हात की सावलीत? जाडी किती? ही प्रश्नावली कंटाळवाणी वाटेल, पण भुंगेऱ्यांच्या जाती यावरच वाटल्या गेल्या आहेत. काहींना फक्त ताजं मेलेलं, अजून ओल टिकून असलेलं लाकूड लागतं; काहींना बुरशीने मऊ केलेलं; काही थेट जिवंत खोडात शिरतात. मेलॅनोफिला ॲक्युमिनाटा हा काळा भुंगेरा तर नुकत्याच जळालेल्या झाडांवर अंडी घालतो. त्याच्या मधल्या पायांच्या मुळाशी उष्णतेची प्रारणं टिपणारे खळगे असतात, आणि धूर निघत असतानाच तो आगीच्या जागी येऊन पोहोचतो.

*छिद्राचा आकार काय आहे?* पट्टी लावून फोटो घ्या आणि रुंदी मोजा. भुंगेरा बाहेर पडताना स्वतःच्या अंगाच्या मापाचंच छिद्र पाडतो, म्हणून छिद्राचा आकार म्हणजे त्याच्या आडव्या छेदाचा ठसा. ॲग्रिलससारख्या रत्नभुंगेऱ्यांची पाठ सपाट आणि पोट फुगीर असतं. त्यांचं छिद्र एक बाजू सरळ, दुसरी गोलाकार असं, आडव्या पडलेल्या अर्धचंद्रासारखं दिसतं. ॲग्रिलस प्लॅनिपेनिसचं असं छिद्र ३ ते ४ मिलिमीटरचं असतं. आशियाई लांबशिंगी भुंगेरा ॲनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस जवळजवळ एक सेंटिमीटरचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक पाडतो. घरातल्या जुन्या लाकडातला ॲनोबियम पंक्टाटम दीड-दोन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडतो, तर घराच्या वाशांतला हायलोट्रुपेस बाजुलस लांबट, ओबडधोबड कडांचं.

नवखे इथे एका गोष्टीत हमखास फसतात. छिद्र दिसलं की 'इथून कीड आत शिरली' असं धरून चालतात. लांबशिंगी आणि रत्नभुंगेऱ्यांच्या बाबतीत ते बाहेर पडण्याचं दार असतं. माद्या सालीच्या फटीत किंवा कुरतडलेल्या खाचेत अंडी घालतात, बाहेर पडलेली बारीकशी अळी आत घुसते, आणि तिच्या शिरण्याची खूण सहसा दिसतही नाही. मोठं छिद्र दिसलं याचा अर्थ पाहुणा निघून गेलाय. उलट सालीखालचे भुंगेरे आणि अँब्रोसिया भुंगेरे प्रौढ अवस्थेत खरोखरच आत शिरतात. त्यांचं टाचणीएवढं छिद्र ताजं असेल तर आत वस्ती असण्याची शक्यता दाट.

*भुसा कसा आहे?* चिमूटभर भुसा कागदी पाकिटात घ्या आणि बोटांत चोळून पाहा. लिक्टस गटाच्या भुंगेऱ्यांचा भुसा टाल्कम पावडरीइतका मऊ, खरखरीतपणा अजिबात नाही. मोठ्या लांबशिंगी अळ्यांच्या भुशात लाकडाचे लांब तंतू किंवा दाणे सापडतात. रत्नभुंगेऱ्यांच्या बोगद्यांत भुसा ठासून भरलेला असतो, थरावर थर, कमानीसारखा. अँब्रोसिया भुंगेऱ्यांचे बोगदे मात्र आतून स्वच्छ आणि कडेने काळपट. कारण त्या अळ्या लाकूड खातच नाहीत, आईने लावलेली बुरशी खातात, आणि भुसा बाहेर ढकलला जातो. काही जातींत तो शेवयांसारखा बाहेर लोंबतो.

*सालीखाली काय आहे?* मेलेल्या लाकडावरची सुटलेली साल हळूच उचला. बोगदे नागमोडी आहेत की सरळ, एका मुख्य बोगद्यातून फुटलेले की एकेकटे, शेवटी लाकडात खोल उतरणारे की सालीखालीच संपणारे, हे पाहा आणि काम झालं की साल परत जागेवर बसवा. जाड लांबशिंगी अळ्यांच्या बोगद्याच्या टोकाशी कधीकधी कोषाची खोली सापडते. सेरॅम्बिक्स सेर्डो या ओकच्या झाडातल्या भुंगेऱ्याची अळी कोषात जाण्याआधी त्या खोलीच्या तोंडाशी चुनखडीचं पांढरं झाकण बसवते. ते अंड्याच्या टरफलासारखं कडक आणि आतून गुळगुळीत लागतं. असं झाकण किंवा अळीची टाकलेली कात मिळाली तर जपून ठेवा, दोन्ही ओळखीला उपयोगी पडतात.

३. अळी सापडली तर

अळी पाहून जात ठरवणं फार कठीण, पण कुळापर्यंत सहज जाता येतं. डोक्यामागचा भाग पसरट आणि बाकीचं अंग बारीक, एकूण घोड्याच्या नालेच्या खिळ्यासारखी, पाय नाहीत: रत्नभुंगेरा. अंग मांसल, जवळपास गोल, पाठीवर आणि पोटावर प्रत्येक खंडाला खरखरीत उंचवटे, पाय नसल्यात जमा: लांबशिंगी. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली आणि नीट दिसणारे सहा पाय: शिंगाळ्या भुंगेऱ्याची किंवा त्याच्या नातलगाची. पोटाखाली बारीक आकड्यांचे मांसल पाय असतील तर तो भुंगेराच नव्हे, खोडात राहणारा पतंगाचा सुरवंट आहे.

लाकूड पोखरणारे सगळेच भुंगेरे नसतात, हेही लक्षात असू द्या. काष्ठ गांधीलमाशा, सुतार माशा, वाळवी आणि काही पतंग हेच काम करतात.

अळी बोगद्यातून बाहेर काढली की सहसा जगत नाही. ती मिळालीच आणि जात धोक्यातली नसेल, तर एखादी इथेनॉलमध्ये ठेवा. जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाच्या सुमारे ६५८ अक्षरांच्या तुकड्यावरून अळी आणि प्रौढ भुंगेरा यांची सांगड घालता येते, पण त्यासाठी नीट ओळखलेल्या प्रौढाचा तोच तुकडा आधीपासून संग्रहात असावा लागतो. दुर्मीळ जातींच्या बाबतीत तो बऱ्याचदा नसतो. म्हणून डीएनए हा शॉर्टकट समजू नका.

४. फोटो आणि माप

वरून, बाजूने, समोरून चेहरा, पोटाकडून, आणि पायांचा जवळून, असे पाच फोटो तरी हवेत. अनेकजण फक्त पाठीचा देखणा फोटो काढतात आणि ओळखीची खूण नेमकी पोटाखाली राहते. चकचकीत भुंगेऱ्यांसाठी फ्लॅशसमोर पातळ पांढरा कागद धरा, नाहीतर पाठीवर फक्त उजेडाचा डाग येतो.

लांबी डोक्यापासून पंखकवचांच्या, म्हणजे पाठ झाकणाऱ्या कडक पुढच्या पंखांच्या, टोकापर्यंत मोजा, शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, सोडून. आणि लांबीवर फार भरवसा ठेवू नका. अळीला किती आणि कसं लाकूड मिळालं यावर प्रौढाचं माप ठरतं. रोझालिया अल्पायना १५ मिलिमीटरचा असू शकतो आणि ३८ चाही.

रंगाचंही तसंच. पुष्कळ लांबशिंगी भुंगेऱ्यांची नक्षी ही बारीक लवेची असते. भुंगेरा म्हातारा झाला, भोकांतून घासत गेला, की लव झडते आणि खालचा काळा किंवा तपकिरी थर उघडा पडतो. तो वेगळ्याच जातीचा वाटू लागतो. पाठीवर लव कुठे कुठे शिल्लक आहे ते भिंगाखाली, तिरप्या उजेडात शोधा. पंखकवचांचा सांधा आणि पायांची मुळं या जागी ती शेवटपर्यंत टिकते.

५. कुळ ठरवा

*लांबशिंगी (सेरॅम्बिसिडी).* जगात यांच्या ३५,००० च्या वर जाती वर्णन केलेल्या आहेत. शृंगिका अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब, पण सगळ्यांच्या नाहीत, म्हणून फक्त लांबीवर जाऊ नका. डोळे पाहा: बऱ्याच जातींत डोळा शृंगिकेच्या मुळाभोवती वळलेला, मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो. मग पाऊल पाहा. पहिल्या नजरेत चार खंड दिसतात, प्रत्यक्षात पाच असतात. चौथा अगदी छोटा खंड तिसऱ्याच्या दोन पाकळ्यांमध्ये लपलेला असतो. पाऊल खालून पाहिलंत, तिसरा खंड जरा बाजूला झाला, की मुळाशी तो गाठीसारखा दिसतो. ही खूण पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांतही असते, तेव्हा डोळे, शृंगिका आणि पाऊल तिन्ही मिळून निर्णय घ्या. हातात धरल्यावर चिरचिर आवाज आला तर तोही टिपून ठेवा. पुष्कळ जाती वक्षाचा पुढचा भाग मागच्या खरखरीत पट्टीवर घासून तो काढतात.

चेहरा सरळ खाली उतरलेला, जणू भिंतीसारखा, आणि मुखांगांचा शेवटचा खंड टोकदार असेल तर लॅमिनी या उपकुळाकडे वळा. आंबा आणि अंजिराच्या वर्गातली झाडं पोखरणारा बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा यातलाच. जबडे पुढे आलेले आणि अग्रवक्षाच्या, म्हणजे डोक्यालगतच्या वक्षाच्या भागाच्या, कडेला दाते असतील तर प्रायोनिनी. मान आखूड चिमटलेली आणि अंग मागे निमुळतं असेल तर लेप्ट्युरिनी. हे फुलांवर हमखास भेटतात.

*रत्नभुंगेरे (ब्युप्रेस्टिडी).* सुमारे १५,००० जाती. धातूसारखी चकाकी, आखूड करवती शृंगिका, डोकं वक्षात रुतलेलं, अंग कडक आणि एकसंध. टिचकी भुंगेऱ्यांशी यांची गल्लत फार होते. फरक करायचा तर त्याला हलकेच पाठीवर ठेवा. टिचकी भुंगेरा टक् आवाज करून उडी मारतो आणि त्याच्या अग्रवक्षाचे मागचे कोपरे टोकदार काट्यासारखे असतात. रत्नभुंगेरा पाय आवळून पडून राहतो.

*बाकीचे.* डोकं टोपडीसारख्या, पुढे खवल्यांच्या अग्रवक्षाखाली लपलेलं आणि शृंगिकेला तीन खंडांचा गेंद: बोस्ट्रिकिडी. मधोमध दुमडलेली शृंगिका, टोकाला गोंडा, आणि अंग दंडगोल, इवलंसं: सालीखालचे भुंगेरे, जे खरं तर सोंडकिड्यांच्या कुळातले आहेत. शृंगिकेच्या टोकाला न मिटणारा कंगवा आणि नरांचे जबडे शिंगांसारखे: लुकॅनिडी.

६. ओळखपत्रिका, म्हणजे 'की' वापरताना

प्रत्येक पायरीवर दोन पर्याय देऊन पुढे नेणारी की हे खरं साधन. ती वापरण्याआधी कोणत्या प्रदेशासाठी लिहिली आहे ते वाचा. एका खंडातल्या जातींसाठी बनवलेल्या कीमध्ये बाहेरून आलेला भुंगेरा घातलात तर ती तुम्हाला कुठल्या तरी नावापर्यंत नेईलच, आणि ते नाव चुकीचं असेल. 'यांपैकी कोणताही नाही' असा पर्याय कीमध्ये नसतो. तो तुम्ही मनाशी ठेवायचा.

एखाद्या पायरीवर अडलात तर दोन्ही वाटांनी पुढे जा आणि शेवटी कोणतं वर्णन पूर्ण जुळतं ते पाहा. 'अंग फार केसाळ' विरुद्ध 'थोडं केसाळ' असली वाक्यं संग्रहातल्या दुसऱ्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय समजत नाहीत. शक्य असेल तर जवळच्या संग्रहालयातला कीटक विभाग गाठा. बहुतेक ठिकाणचे लोक आनंदाने नमुने दाखवतात, फक्त आधी कळवा आणि आपले फोटो, नोंदी तयार ठेवून जा.

मोबाइलमधली ओळख सांगणारी ॲप्स कुळापर्यंत चांगली नेतात. दुर्मीळ जातीच्या बाबतीत त्यांचा कल नेहमी जास्त फोटो असलेल्या, म्हणजे सामान्य जातीकडे असतो. ॲपने दिलेलं नाव हा तपासायचा पहिला अंदाज समजा. अनेक जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट, दुहेरी नावातलं पहिलं नाव), ॲग्रिलस त्यांतलाच एक, जवळच्या जाती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरूनच वेगळ्या होतात. तिथे फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जीनसवर थांबणं हे पूर्ण उत्तर आहे.

७. नाव मिळालं? आता ते तपासा

एकाच भुंगेऱ्याची अनेक जुनी नावं असतात. लांबशिंगी भुंगेऱ्यांसाठी टायटन नावाची माहितीपेढी आहे. तिथे आजचं मान्य नाव, जुनी नावं आणि मूळ वर्णन कुठे छापलं ते कळतं. जुनी वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात. भाषा बहुधा लॅटिन, फ्रेंच किंवा जर्मन, पण मापं आणि ठिकाण तर समजतंच.

नावापुढे लेखकाचं नाव कंसात आहे की कंसाबाहेर, इकडे लक्ष द्या. रोझालिया अल्पायनापुढे '(लिनियस, १७५८)' असं कंसात लिहितात, कारण लिनियसने तो सेरॅम्बिक्स या जीनसमध्ये ठेवला होता आणि नंतर तो हलवला गेला. कंस दिसला की जुन्या पुस्तकांत वेगळ्या जीनसखाली शोधायचं.

मग तीन गोष्टी ताडून पाहा: नोंदलेलं झाड, नोंदलेला प्रदेश आणि ऋतू. तिन्ही जुळत नसतील तर नाव चुकलंय किंवा तुमच्या हाती नवी माहिती आली आहे. आधी पहिली शक्यता पूर्ण निकालात काढा.

८. लाकडातून भुंगेरा निघू द्या

निसर्गेतिहास कळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच. प्रौढ भुंगेरा एखाद्या झाडावर बसलेला दिसला म्हणून ते त्याच्या अळीचं झाड ठरत नाही. तो तिथे विसाव्याला, जोडीदार शोधायला, फुलातलं पराग खायला किंवा उजेडाला भुलून आलेला असू शकतो. संशोधनपत्रांतल्या जुन्या यजमान-याद्यांत अशा 'बसलेला दिसला' नोंदी खूप मिसळल्या आहेत. त्याच लाकडातून भुंगेरा निघाला, तरच यजमान झाड पक्कं.

पोखरलेल्या फांदीचे हातभर तुकडे घ्या. टोकांना वितळलेलं मेण लावलंत तर ओल लवकर उडत नाही. जाड प्लास्टिकचा पिंप किंवा धातूची जाळी लावलेली पेटी वापरा. कापडी पिशवी हे भुंगेरे सहज कुरतडतात. पिंपाला एक भोक पाडून त्यात पारदर्शक बरणी बसवा. आत अंधार असला की निघालेले भुंगेरे उजेडाकडे, बरणीत येतात. एका पिंपात एकाच झाडाचं, एकाच जागेचं लाकूड. चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक.

पाणी बेताने. लाकूड खडखडीत वाळलं तर अळ्या मरतात किंवा त्यांची वाढ रखडते, ओलं राहिलं तर बुरशी सगळं गिळते. अधूनमधून तुकडे उचलून वजन हाताने अजमावा, हलके लागले तर फवारा मारा. थंड प्रदेशातल्या काही जातींना हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय कोष होत नाही, म्हणून पिंप बाहेर आडोशाला ठेवणं बरं.

भुंगेरा निघाला की तारीख लिहा, पण लाकूड आणल्याची तारीखही तितक्याच ठळकपणे लिहा. घरातल्या उबेत निघालेल्या भुंगेऱ्याची तारीख हा त्याचा रानातला हंगाम नसतो. वाळक्या लाकडात तर ही अवस्था कल्पनेपलीकडे लांबते. बुप्रेस्टिस ऑरुलेंटा हा सोनेरी हिरवा रत्नभुंगेरा घराच्या लाकडातून ५१ वर्षांनी निघाल्याची नोंद आहे. म्हणून जुन्या दारातून किंवा फर्निचरमधून निघालेला भुंगेरा त्या गावचा आहे असं कधीही लिहू नका. तो लाकडाबरोबर कुठूनही आलेला असतो.

पिंपातून बारीक माशाही निघतील. त्या फेकू नका. भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या परजीवी माशांबद्दलची माहिती याहून फार कमी आहे. मात्र एका पिंपातून दोघं निघाले म्हणून माशी त्याच भुंगेऱ्यावर वाढली असं मानू नका. शेवटी लाकूड चिरून त्या बोगद्यात अळीची रिकामी कात आणि माशीचा कोष शेजारी सापडला, तरच तसं लिहा.

९. दुर्मीळ, की दिसायला अवघड?

दक्षिण अमेरिकेतल्या टायटॅनस जायगँटियसची अळी अजून कोणालाही सापडलेली नाही. हा भुंगेरा १६ सेंटिमीटरच्या पुढे जातो, तरी त्याची अळी कुठल्या लाकडात वाढते हे ठाऊक नाही. रात्री उजेडाला येणारे प्रौढ एवढीच त्याची ओळख. मग ज्या जाती झाडांच्या शेंड्यावर, दुपारच्या उन्हात, वर्षातले जेमतेम तीन आठवडे वावरतात त्यांची काय कथा!

म्हणून 'दुर्मीळ' हा शब्द वापरण्याआधी योग्य झाडावर, योग्य हंगामात, योग्य वेळी शोध घ्या. छिद्रं आणि भुसा वर्षभर दिसतात, प्रौढ दिसत नाहीत. काही ठिकाणी अभ्यासक निसर्गातल्या शिकाऱ्यांचीच मदत घेतात: उत्तर अमेरिकेतली सर्सेरिस फ्युमिपेनिस ही गांधीलमाशी रत्नभुंगेरे पकडून जमिनीतल्या बिळात नेते, आणि तिच्या बिळाशी थांबून परिसरात कोणत्या जाती आहेत ते कळतं. माणसाच्या हाती एरवी न लागणाऱ्या जातीही तिथे मिळतात.

पण काही जाती खरोखरच ओसरत आहेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०१८ मध्ये युरोपातल्या, मेलेल्या लाकडावर अवलंबून असलेल्या सुमारे ७०० भुंगेऱ्यांचा आढावा घेतला. त्यांतल्या जवळपास १८ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. मोठी, जुनी झाडं तोडणं आणि पडलेलं लाकूड 'साफ' करणं हे त्यामागचं ठळक कारण. रोझालियाच्या बाबतीत तर एक वेगळाच सापळा आहे. माद्या उन्हात रचून ठेवलेल्या ताज्या बीच ओंडक्यांवर अंडी घालतात, आणि ते ओंडके पुढे चुलीत किंवा कारखान्यात जातात. अशी रास तुमच्या अभ्यासक्षेत्रात दिसली तर मालकाशी बोला. सावलीत रचणं, किंवा भुंगेऱ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी उचलणं, एवढंही पुरेसं असतं.

दुर्मीळ जातीची नेमकी जागा जाहीर करू नका. संग्राहक पोहोचतात आणि उरलेलं एकुलतं खोड फोडून नेतात. सार्वजनिक नोंदीत जागा ढोबळ ठेवा, अचूक अक्षांश-रेखांश संग्रहालयाकडे आणि वनखात्याकडे द्या. उलट, भुंगेरा बाहेरून आलेला वाटला तर गुप्तता नको. पीक संरक्षण किंवा क्वारंटाइन विभागाला त्याच दिवशी कळवा आणि लाकूड जागेवरून हलवू नका.

१०. नमुना आणि नोंद

नमुना ठेवणं आवश्यक असेल आणि परवानगी असेल तर एकच ठेवा. टाचणी उजव्या पंखकवचातून टोचतात, म्हणजे डावं पूर्ण शाबूत राहतं. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि तुमचं नाव. दुसऱ्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, लाकडाची अवस्था, जाडी, आणि 'याच लाकडातून निघाला' की 'यावर बसलेला मिळाला'. जातीचं नाव तिसऱ्या, वेगळ्या चिठ्ठीवर, कोणी आणि कोणत्या वर्षी ओळखलं त्यासह. नाव उद्या बदलू शकतं, पहिल्या दोन चिठ्ठ्या बदलत नाहीत.

त्याच टाचणीचा क्रमांक भुशाच्या पाकिटावर, अळीच्या कातीच्या कुपीवर आणि चिरलेल्या लाकडाच्या तुकड्यावर लिहा. पहिल्या हंगामात भुंगेरे निघून गेले म्हणून पिंप रिकामा करू नका. एकाच फांदीतल्या अळ्या वेगवेगळ्या वेगाने वाढतात, आणि मंद वाढणाऱ्या जाती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाहेर येतात. तिसरं वर्ष कोरडं गेलं की उरलेलं लाकूड चिरून आतले बोगदे पाहा, फोटो घ्या, आणि त्यात बाहेरची कीड नसल्याची खात्री असेल तर तुकडे जिथून आणले तिथेच नेऊन ठेवा.